आरसीसीबी सारखा ट्रिप होतोय? भाड्याचा फ्लॅट, पीजी, क्लास, दुकान: लीकेज नेमकं कुठून होतंय ते कसं शोधायचं

वाकड-हिंजवडीकडचे पीजी असोत नाहीतर कोपऱ्यावरचं सलून, मालक मंडळींची तक्रार एकच असते, फक्त शब्द वेगळे. कोणी म्हणतं ईएलसीबी पडतोय (बोलताना बरेच जण आरसीसीबीलाच ईएलसीबी म्हणतात), कोणी म्हणतं मेन खाली येतोय, कोणी म्हणतं मागच्या महिन्यात नवीन बसवला तरी तेच चालू आहे, आणि भाडेकरूंच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज पडतो की अंकल लाईट गेली, बाजूच्या फ्लॅटमध्ये आहे पण. मग कोणीतरी वायरमन येतो आणि तीनपैकी एक उपाय करतो. आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की सप्लाय तोडणारा बोर्डातला स्विच, तो बदलतो, किंवा ३० ऐवजी १०० मिलिअँपिअरचा टाकतो, किंवा सरळ आरसीसीबी वगळून डायरेक्ट करून देतो. चौथा उपाय सगळ्यात वाईट, गिझरच्या प्लगमधली अर्थची वायर कापून टाकायची, ट्रिप होणं त्या क्षणी बंद. मालक खूश, पैसे देऊन मोकळा. आणि गिझरची बॉडी आता अंघोळ करणाऱ्या पोराची वाट बघत बसलेली असते.

म्हणून आधी एवढं डोक्यात पक्कं करा की सारखा पडणारा आरसीसीबी बहुतेक वेळा बरोबर काम करत असतो. खराब आरसीसीबी असतो, नाही असं नाही, पण तो शेवटचा संशय. पहिला संशय एखाद्या उपकरणावर, दुसरा न्यूट्रलवर, तिसरा भिंतीतल्या वायरिंगवर.

हा डबा करतो काय ते थोडक्यात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. फरक पडला म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने, अर्थमधून किंवा माणसातून, जमिनीत चाललाय. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, आणि आयएस १२६४० प्रमाणे तो ३० ला पडलाच पाहिजे आणि १५ पर्यंत पडता कामा नये, मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. त्यामुळे "तोच गिझर शेजारच्या फ्लॅटमध्ये लावला तर चालतो" हा पुरावा काही कामाचा नाही, तुमचा १९ ला पडत असेल, त्यांचा २६ ला. ओव्हरलोड त्याला कळत नाही, शॉर्टसर्किटपासून तो वाचवत नाही, ते एमसीबीचं, म्हणजे प्रत्येक सर्किटच्या छोट्या ब्रेकरचं काम. म्हणून पहिली गोष्ट, नक्की काय पडलंय ते बघा. टेस्ट लिहिलेलं बटण ज्याच्यावर आहे तो पडला असेल तर पुढे वाचा. एमसीबी पडला असेल तर ती वेगळी कहाणी, लोड नाहीतर शॉर्ट. आरसीबीओ बसवलेला असेल तर मात्र दोन्ही एकाच डब्यात असतात, तिथे कशामुळे पडला हे वरून कळत नाही.

आणि त्या टेस्ट बटणाबद्दल एक मोठा गैरसमज. बटण दाबलं, खट्कन पडला, म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं छातीठोकपणे सांगणारे वायरमन मी खूप पाहिलेत. ते बटण आतल्या आत एका रेझिस्टरमधून थोडा करंट बाजूने फिरवतं, त्याला अर्थची गरजच नाही. बिल्डिंगला अर्थिंगचा खड्डाच नसेल तरी बटण दाबल्यावर तो पडणार. बटणाने फक्त आतलं मेकॅनिझम जिवंत आहे एवढं समजतं, तेवढ्यासाठी महिन्यातून एकदा दाबा, वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी जाम झालेला असतो.

आता शोधायला कुठून सुरुवात करायची. टूल नंतर, आधी वही. भाडेकरूंना सांगा की पडला की वेळ आणि त्या क्षणी काय चालू होतं ते ग्रुपवर टाका, बाकी काही करू नका. चार-पाच नोंदी झाल्या की अर्धं काम होतं. सकाळी गिझर चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडतो, तर एलिमेंट. चालू करताक्षणी पडतो, तर एलिमेंट पूर्ण फुटलंय किंवा टर्मिनलवर पाणी उतरतंय. कोणी काही लावलेलं नसताना दिवसातून एक-दोनदा ठराविक अंतराने पडतो, त्यातही रात्री, तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा डिफ्रॉस्ट हीटर बघा, तो काही तासांनी आपोआप चालू होतो, आणि हे कोणाच्या लक्षातच येत नाही कारण फ्रिज तर कायम चालूच असतो ना. वॉशिंग मशीन गरम पाण्याच्या सायकलला पडत असेल तर हीटर, स्पिनला पडत असेल तर मोटर किंवा खाली गळणारं पाणी. फक्त पावसात पडत असेल तर गच्चीवरचा लाईट, बाहेरची बेल, टाकीच्या फ्लोटची केबल, पार्किंगमधला बोर्ड, ओल आलेल्या भिंतीतला स्विचबोर्ड. लाईट जाऊन आली की पडत असेल तर सगळी उपकरणं एकदम चालू होतात त्याचा झटका असू शकतो किंवा इन्व्हर्टरची वायरिंग, त्याच्यावर पुढे येतो.

मग सगळं काढून एकेक लावून बघायचं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथेच लोक फसतात. स्विच बंद करून चालत नाही, प्लग बाहेर काढावा लागतो. आपले सॉकेटचे स्विच फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. डीबीतले (ब्रेकर बसवलेल्या मुख्य बोर्डातले) सिंगल पोल एमसीबीपण तसेच, सगळे खाली पाडले तरी प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल लिंकवर, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर, बसलेलाच. आणि लीकेज जर न्यूट्रल आणि अर्थमध्ये असेल, म्हणजे इस्त्रीच्या कॉर्डमध्ये न्यूट्रलची वायर सोलून अर्थला चिकटली आहे समजा, तर ती इस्त्री बंद असतानाही घरातल्या दुसऱ्याच कुठल्या लोडचा थोडा परतीचा करंट त्या वाटेने अर्थमध्ये पळतो आणि आरसीसीबी पडतो. म्हणजे गुन्हा इस्त्रीचा आणि आळ एसीवर, कारण एसी लावला की पडतो. लोक एसीवाल्याला बोलावतात, तो गॅस भरून जातो. मालकाचे पैसे गेले, ट्रिप होणं आहेच.

तर प्लग काढा. सगळे. मोबाईलचे चार्जर, वायफाय, सेट-टॉप बॉक्स, भाडेकरूने गादीखालून नेलेला एक्स्टेन्शन बोर्ड, तो तर आधी. गिझर प्लगवर नसेल तर त्याचा डीपी स्विच असतो, तो दोन्ही वायरी तोडतो, तेवढा बंद चालेल. मग आरसीसीबी वर करा. राहिला, तर एकेक प्लग लावत जा आणि प्रत्येकाला चालू करून वेळ द्या, विशेषतः गरम होणाऱ्या वस्तूंना. दोन मिनिटांत गिझर पास करून पुढे जाऊ नका.

गिझरवर जरा थांबतो कारण भाड्याच्या घरांत सगळ्यात जास्त वेळा तोच निघतो. एलिमेंटच्या धातूच्या नळीत मधोमध कॉइल असते आणि भोवती पांढरी पावडर दाबून भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साईड. ती पावडर वीज अडवते पण उष्णता जाऊ देते, आणि तिला ओल फार लवकर लागते. बोअर आणि टँकरच्या जड पाण्याने नळीवर क्षाराचा थर चढतो, थराखाली नळी जास्त तापते, बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं आणि पावडर ओली होते. आता लीकेज चालू, पण सुरुवातीला पाचसात मिलिअँपिअर, त्याच्याने आरसीसीबी पडत नाही, कोणाला कळतही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी वाढत वाढत ते मधल्या पट्ट्यात येतं आणि मग कधी पडतो कधी नाही असा खेळ सुरू. बाहेरून गिझर एकदम ठणठणीत, पाणी मस्त गरम. म्हणून "गिझर तर चालतोय की" हे वाक्य ऐकून कधी पुढे जायचं नाही. थर्मोस्टॅट आणि एलिमेंट बदलून, टाकी साफ करून काम होतं, पूर्ण गिझर टाकायची गरज बहुतेक वेळा नसते. नवीन घेताना आयएसआय मार्क बघून घ्या, गिझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड ह्यांना २००३ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरपासून तो सक्तीचा आहे, तरी बिनमार्काचे रॉड आठवडी बाजारात ढिगाने मिळतात आणि पीजीतल्या पोरांकडे नेमके तेच असतात.

आता मोजायचं कसं. साध्या मल्टिमीटरने ओहम बघून "सगळं ओके" म्हणणारे पुष्कळ. मल्टिमीटर आतल्या बॅटरीवर चालतो, त्याच्या दोन-चार व्होल्टला ओली पावडर काही बोलत नाही, २३० व्होल्टला बोलते. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर लागतो. प्लग बाहेर, उपकरणाचा स्विच चालू स्थितीत, प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडायच्या, एक लीड त्याला, दुसरी अर्थच्या पिनेला. गणित सोपं आहे, १ मेगाओहम म्हणजे २३० व्होल्टला ०.२३ मिलिअँपिअर, काही हरकत नाही. तेच १५ किलोओहमवर आलं की १५ मिलिअँपिअर झाले आणि तुमचा आरसीसीबी कधीही पडणार. अर्थ पिनवाल्या उपकरणाला १ मेगाओहमच्या खाली आलं की मी लाल स्टिकर लावतो, दोन पिनच्या डबल इन्सुलेशनवाल्याला २, त्याला अर्थ पिन नसल्याने दुसरी लीड बॉडीच्या उघड्या धातूला. हे आकडे ब्रिटनमधल्या तपासणीत वापरतात ते. गरम होणाऱ्या वस्तू थंड असताना पास होतात आणि गरम झाल्यावर नापास, म्हणून वापरून झाल्याझाल्या प्लग काढून परत एकदा मेगर मारा. टीव्ही, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी ह्यांना ५०० मारू नका, २५० वर ठेवा, किंवा मेगर सोडून लीकेज क्लॅम्पने बघा.

लीकेज क्लॅम्प ही माझी आवडती गोष्ट, कारण काहीच उघडावं लागत नाही आणि चालू अवस्थेत खरा आकडा दिसतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात घ्यायच्या, जाणारा-येणारा एकमेकांना कापतो आणि उरतो तो फरक, म्हणजे लीकेज. फक्त मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प लागतो, नेहमीचा लोड मोजायचा क्लॅम्प इतकं बारीक दाखवत नाही, त्याच्यावर शून्य दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल.

अर्थची सलगता राहिली. प्लगच्या अर्थ पिनेपासून उपकरणाच्या उघड्या धातूपर्यंत, रंगावर नाही, स्क्रूवर टोचून, रेझिस्टन्स बघा. मल्टिमीटरच्या लीड्स आधी एकमेकींना लावून त्यांचा आकडा वजा करा, उरलेलं ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास हवं, लांब कॉर्ड असेल तर थोडं वर चालेल. इथे काहीच दाखवत नसेल तर कॉर्ड बदला, आणि तीन पिनच्या जागी दोन पिनचा टॉप कोणी बसवलाय ते विचारा.

समजा सगळे प्लग काढले, गिझरचा डीपी बंद, तरी आरसीसीबी राहत नाही. मग वायरिंग. इथून पुढे मालकाने स्वतः हात घालू नये, मेन खाली असला तरी डीबीत येणाऱ्या बाजूच्या वायरी जिवंतच असतात. लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस बोलवा आणि त्याला सांगा की न्यूट्रल लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवून मेगर मार. नुसते एमसीबी वरखाली करून "सापडत नाही" म्हणाला तर तो सापडवत नाहीये एवढंच. जुन्या फ्लॅटमध्ये ज्या खोल्या नंतर पाडून पीजीसाठी पार्टिशन केलेल्या असतात तिथे हमखास एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल घेतलेला असतो. एकच आरसीसीबी असेल तोवर काही होत नाही, पण मजल्यावर दोन आरसीसीबी बसवले की दोन्ही पडायला लागतात आणि मालक म्हणतो नवीन माल खराब निघाला. इन्व्हर्टरचंही तसंच, त्याला सप्लाय आरसीसीबीच्या आधीतून दिला आणि त्याच्यावर चालणाऱ्या पॉइंटचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या लिंकवर बसवला, की करंट जाणार एका वाटेने आणि येणार दुसऱ्या. तिथे कुठलंच उपकरण खराब नसतं, डीबी नीट करून घ्यावी लागते.

क्लासेस, सायबर कॅफे, छोटी ऑफिसं, तिथला प्रकार अजून वेगळा. एकही मशीन नापास होत नाही, तरी दुपारी सगळी बॅच बसली की पडतो. प्रत्येक कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते नियमात राहूनच थोडा करंट अर्थला सोडतात, एकाला साधारण अर्धा ते दीड मिलिअँपिअर धरा. पंधरावीस मशीन एका आरसीसीबीवर टाकली तर बेरीजच पंधराच्या वर जाऊ शकते. इथे १०० चा टाकायचा मोह होतो. नको. सर्किट दोन-तीन आरसीसीबीवर वाटून द्या, प्रत्येकावरचं कायमचं लीकेज ९-१० च्या आत येईल असं. १०० आणि ३०० चे आगीपासून संरक्षणाला मेनच्या बाजूला ठीक आहेत, माणूस हात लावतो त्या सॉकेटला ३० च.

इन्व्हर्टर एसी आणि फ्रंट लोड मशीन वाढलीत म्हणून एक टाईपचं पण बघून घ्या. जुने स्वस्त आरसीसीबी एसी टाईपचे, ह्या एसीचा कूलिंगशी काही संबंध नाही, तो फक्त साधा एसी करंटचा फरक ओळखतो. ह्या नवीन मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे लीकेजचा आकार बदलतो आणि एसी टाईप तो नीट पकडेलच असं नाही. ए टाईप घ्या. पुढच्या बाजूला नागमोडी रेघेखाली अर्धवट लाटांची अजून एक रेघ असेल तो ए टाईप.

आणि आता उलटा केस, जो जास्त घाबरवणारा. गिझरच्या नळाला किंवा फ्रिजच्या दाराला झिणझिण्या येतात, पण आरसीसीबी पडत नाही. त्याचा अर्थ लीकेज आहे आणि त्याला जायला वाटच नाही, अर्थिंग तुटलंय किंवा कधी नव्हतंच. सॉकेटवर मल्टिमीटर लावा, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट असं दिसायला हवं. फेज-अर्थ ८०, ११० असं काहीतरी तरंगत असेल तर अर्थ नाही. पण २३० दाखवलं म्हणून अर्थ चांगलंच असंही नाही, मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या खड्ड्यावरही २३० दिसतं, खरं काय ते लूप टेस्टरने, म्हणजे अर्थच्या पूर्ण वाटेचा अडथळा मोजणाऱ्या मीटरने कळतं. आणि न्यूट्रल-अर्थ लोड चालू असतानाही अगदी शून्य दिसलं तर सॉकेट उघडून बघायला सांगा, आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला छोटी वायर मारलेली सापडेल. अर्थिंग नसलेल्या बिल्डिंगमध्ये हे जुगाड खूप चालतं. त्यामुळे बॉडीचं लीकेज परत न्यूट्रलमध्येच जातं, आरसीसीबीला सगळं गोड दिसतं, आणि ज्या दिवशी तो न्यूट्रल कुठेतरी ढिला होऊन सुटतो त्या दिवशी फ्रिजच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट. असा सॉकेट सापडला की त्या फ्लॅटमधले सगळे सॉकेट उघडा, एकावर थांबू नका, ज्याने एक केला त्याने सगळे केलेत.

मालकांसाठी कागदाचं थोडं. ब्रिटनमध्ये उपकरणांच्या अशा तपासणीला पॅट म्हणतात, प्रत्येक वस्तूला स्टिकर लावतात, आणि गंमत म्हणजे दरवर्षी करा असं तिथल्या कायद्यात लिहिलेलं नाही, उपकरण सुरक्षित ठेवा एवढंच आहे, किती दिवसांनी ते वापरावरून ठरवायचं. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराच्या वायरिंगची तपासणी मात्र २०२० च्या नियमांपासून किमान पाच वर्षांनी सक्तीची. आपल्याकडे पीजीमालकाला गिझरचा रिपोर्ट कोणी मागायला येत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही, पण काही झालं तर पोलीस आणि विद्युत निरीक्षक दोघेही पहिल्यांदा मालकालाच विचारणार. एक साधी वही पुरते, खोली नंबर, वस्तू, तारीख, मेगरचा आकडा, कोणी तपासलं, पास का नापास. आकडा लिहाच, नुसतं ओके नको, कारण गिझर मागच्या वर्षी ४० मेगाओहम होता आणि ह्या वर्षी ३ आहे हे वहीतच दिसतं, दोन्ही वेळा तो पासच होता.

करारात एक ओळ घाला की रॉड, इंडक्शन, हीटर असं काही खोलीत आणलं तर आधी दाखवायचं, आणि मालकाच्या वस्तूचं लीकेज निघालं तर खर्च मालकाचा, भाडेकरूच्या वस्तूचं निघालं तर ती वस्तू बाहेर. रॉडवर बंदी घालून उपयोग नाही, गिझर बंद पडला की दुसऱ्या दिवशी बादलीत रॉड असतो, त्यापेक्षा गिझर लवकर दुरुस्त करा. गिझर, इस्त्री, किटली, वॉशिंग मशीन वर्षातून एकदा, पीजीत सहा महिन्यांनी, टीव्ही-फ्रिजला दोन वर्षांनी चालेल, एक्स्टेन्शन बोर्ड दिसेल तेव्हा. बाहेरची वायरिंग आणि गच्चीवरचे पॉइंट मे महिन्यातच उरकून घ्या, पहिल्या पावसानंतर वायरमन फोन उचलत नाहीत.